कच्च्या कैद्याची फिर्याद

ज्यास न्यायासनानें अद्याप अपराधी ठरविलें नाहीं, त्यास शिक्षा देण्याचा अधिकार कोणास? प्रश्न सरळ आहे. परंतु अमेरिकेंतील एका कैद्यास त्याचें उत्तर मिळावयास पांच वर्षें लागलीं.

२०१० सालच्या मे महिन्यांत विस्कॉन्सिन राज्यांतील मन्रो परगण्याच्या तुरुंगांत एका कच्च्या कैद्यानें कोठडींतील दिव्यावरील कागद काढण्याचें नाकारलें. अधिकाऱ्यांनीं त्यास हातकड्या घालून दुसऱ्या कोठडींत नेलें व सुमारें पांच सेकंद विजेचा झटका दिला. आपलें डोकें सिमेंटच्या बाकावर आपटलें, असें त्याचें म्हणणें. तो प्रतिकार करीत होता, असें अधिकाऱ्यांचें. त्यानें वकिलावांचून, १८७१ च्या नागरी हक्कांच्या कायद्यान्वयें, स्वतःच फिर्याद केली. ज्यूरीचा कौल अधिकाऱ्यांच्या बाजूस पडला व अपील न्यायालयानेंही तो उचलून धरला. तथापि २२ जून २०१५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं तो निर्णय रद्द केला. खरें कोण, हें त्या न्यायालयानें ठरविलें नाहीं. कच्च्या कैद्यानें अधिकाऱ्याच्या मनांतील हेतु सिद्ध करावयास नको. योजिलेलें बळ त्या प्रसंगीं वाजवीपेक्षां अधिक होतें, एवढें दाखविणें पुरे, असें न्यायमूर्ति ब्रेयर यांनीं बहुमताच्या निकालपत्रांत सांगितलें.

आम्हांस हा निकाल सर्वथा रास्त वाटतो. भिंतीआड कोंडलेल्या मनुष्यानें दुसऱ्याच्या मनाचा पुरावा आणावा कोठून? त्याचे साक्षी दोनच, रखवालदार आणि इतर कैदी. पहिले प्रतिवादीच असतात. दुसऱ्यांवर कोणी विश्वास ठेवीत नाहीं.

अशानें तुरुंगाची शिस्त बिघडेल, असें कोणी म्हणतील. खोट्या फिर्यादी होतात, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु खोटी फिर्याद न्यायालयांत उघडी पडते; दार बंद ठेविल्यास खरा जुलूम मात्र कधींच उघडा पडत नाहीं. अमेरिकेच्या १९९६ च्या कायद्यानें तर तुरुंगांतील तक्रारीच्या सर्व पायऱ्या चढल्यावांचून कैद्यास फिर्याद करतां येत नाहीं. ज्यांच्याविरुद्ध गाऱ्हाणें, त्यांच्याच खात्याकडे तें आधीं न्यावयाचें!

हा प्रश्न परक्यांचा म्हणून सोडून देणें आम्हांस शोभणार नाहीं. मुंबईच्या तुरुंगांतील एका स्थानबद्धास आपला मराठी विज्ञानग्रंथ छापण्यासाठीं बाहेर धाडावयाचा होता. एवढ्यासाठीं प्रकरण १९६५ सालीं आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें व तेथें तो हक्क मान्य झाला. आमची मागणी इतकीच कीं, कैद्याची तक्रार ऐकणारा अधिकारी तुरुंगखात्याबाहेरचा असावा. किल्ली ज्याच्या हातीं, त्यानें न्यायाधीशाच्या खुर्चींत बसूं नये.