स्तनातील गाठ आणि दुसरे वैद्यकीय मत

जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर व घोडेगाव येथे व्यापार करणाऱ्या कुटुंबांना खातरजमेचे महत्त्व सांगावे लागत नाही. मोठ्या व्यवहाराचा हिशेब दुसऱ्याकडून तपासून घेतला जातो आणि त्यात मुनिमाचा अपमान झाला असे कोणी मानीत नाही. घरातील स्त्रीच्या स्तनात गाठ आढळते तेव्हा मात्र ही रीत विसरली जाते. कधी संकोचापोटी गोष्ट दडवली जाते, तर कधी भीतीपोटी एकाच भेटीत शस्त्रक्रियेचा निर्णय होतो.

स्तनातील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हे प्रथम ध्यानी घ्यावे. तथापि ‘दुखत नाही, म्हणजे साधी असेल’ हा समज घातक आहे. कर्करोगाची गाठ आरंभी बहुधा दुखत नाही. खरे निदान तीन पायऱ्यांनी होते : डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी, मॅमोग्राफी अथवा सोनोग्राफी आणि सुईने गाठीचा तुकडा काढून केलेली बायोप्सी. सुई लावल्याने रोग पसरतो, ही भीती निराधार आहे. या तिन्हींचा मेळ बसत नसेल, किंवा बायोप्सीविनाच स्तन काढण्याचा सल्ला मिळाला असेल, तर दुसरे मत अवश्य घ्यावे.

त्यासाठी केवळ अहवालाचा कागद पुरत नाही. बायोप्सीच्या काचपट्ट्या व मेणात जतन केलेला ठोकळा, म्हणजे स्लाइड आणि ब्लॉक, मागून घ्यावेत. मॅमोग्राफीच्या फिल्मही सोबत न्याव्यात. दुसऱ्या तज्ज्ञाला मूळ पुरावा पाहता आला, तरच त्याचे मत स्वतंत्र ठरते. यात संकोच नसावा. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसरे मत घेण्याचा हक्क स्पष्टपणे नमूद आहे.

दुसऱ्या मताने उपचार बदलू शकतो. इटलीतील मिलान येथे उंबेर्तो वेरोनेसी यांनी १९७३ पासून ७०१ स्त्रियांवर अभ्यास केला. लहान गाठ असताना केवळ तो भाग काढून किरणोपचार घेतलेल्या आणि संपूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांचे आयुर्मान वीस वर्षांनंतरही सारखेच आढळले. म्हणून ‘स्तन वाचवता येईल का?’ हा प्रश्न प्रत्येक स्त्रीने विचारावा. हार्मोन रिसेप्टर व हर-टू या तपासण्या झाल्या का, हेही विचारावे. औषधांची निवड त्यांवरच अवलंबून असते.

या तालुक्यांतून पुण्याचे ससून रुग्णालय गाठता येते. माळशेज घाटमार्गे मुंबईही दूर नाही. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून कर्करोगावर उपचार करीत आहे. खर्चाची चिंता असल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. तिच्यात कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे.

मात्र दुसरे मत म्हणजे कालहरण नव्हे. त्यासाठी एक-दोन आठवडे पुरेसे असतात; सण, लग्नसराई किंवा दुकानाचा हंगाम आटोपेपर्यंत थांबणे महागात पडते. दोन्ही मते जुळली, तर उपचार तत्काळ सुरू करावेत. न जुळल्यास दोन्ही डॉक्टरांना कारण विचारावे. आणि या चर्चेत घरातील पुरुषांनीच बोलावे असे नाही. शरीर जिचे आहे तिला सारे समजावून सांगितले जावे आणि शेवटचा शब्दही तिचाच असावा.