पालीची शेपटी

वर्गात पाल दिसली की मुलं पट्टी घेऊन धावतात. वळवळणारी शेपटी बघायची असते ना! पण शेपटी पाल स्वतःच तोडते. तिथल्या मणक्यांच्या मधोमध कच्च्या रेषा असतात. स्नायू जोरात आवळले की तुकडा पडतो. रक्तवाहिन्याही आवळतात, म्हणून रक्त फारसं जात नाही. जीव वाचतो, पण शेपटीत साठवलेली चरबी, म्हणजे तिची शिदोरीच जाते. नवी शेपटी फुटते खरी, मात्र तिच्यात हाडाचे मणके नसतात. आपल्या कानात असते तशी कूर्चा असते. त्यामुळे पुढच्या वेळी तोडायला मुळाकडचा जुना भागच लागतो. तो संपला की? आणि हो, आपल्या घरातली पाल विषारी नसते. मुलांना लांबूनच नीट बघायला सांगा: शेपटीचा रंग आणि खवले मध्येच बदललेले दिसले, तर ती नवी फुटलेली.