बायपासनंतरचे तीन महिने

आमच्या ओळखीचे गणिताचे एक शिक्षक आहेत. वय ५६. दिवाळीनंतर त्यांची बायपास शस्त्रक्रिया झाली. कोणतीही गुंतागुंत न होता आठव्या दिवशी ते घरी आले. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणे, "सर, चेहरा छान टवटवीत दिसतोय." पाचव्या आठवड्यात एका सकाळी ते चाचणीच्या वह्या तपासायला बसले आणि दुसऱ्याच वहीवर त्यांना रडू कोसळले. कारण काहीच नव्हते. उदाहरण बरोबर होते, मुलाचे अक्षरही चांगले होते. पत्नी घाबरून म्हणाल्या, "अहो, आता सगळं नीट झालंय ना? मग रडायला काय झालं?"

सरांनाही ते कळत नव्हते. रात्री तीनला जाग येई, वाचलेले पान लक्षात राहत नसे, कोणी भेटायला आले की नकोसे वाटे. "हृदय दुरुस्त झालं आणि बाकीचा मी बिघडलो, असं वाटायचं," असे त्यांनी आम्हाला नंतर सांगितले. दोन महिने त्यांनी ही गोष्ट डॉक्टरांनाही सांगितली नाही. डॉक्टर 'छातीत दुखतं का, दम लागतो का' एवढेच विचारत आणि दोन्हींचे उत्तर 'नाही' असे होते.

सरांच्या या अनुभवामुळे आम्ही या विषयाच्या मागे लागलो. हृदयाच्या शस्त्रक्रियेबद्दल पुष्कळ लिहिले जाते. शस्त्रक्रियेनंतर घरी जे दिवस काढायचे असतात त्यांच्याबद्दल मात्र फार थोडे.

आधी शस्त्रक्रियेत काय होते ते थोडक्यात पाहू. हृदय शरीरभर रक्त ढकलते, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूलाही रक्त लागतेच. ते पुरवणाऱ्या धमन्या आतून चरबीच्या थराने अरुंद झाल्या की स्नायूची उपासमार होते. शेतातला पाट तुंबला तर आपण बाजूने दुसरा पाट काढतो, तसाच हा प्रकार. पायातली शीर किंवा छातीच्या भिंतीच्या आतली धमनी घेऊन अडथळ्याच्या पुढे जोडतात. अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या शल्यविशारदांनी १९६७ मध्ये पायाची शीर वापरून ही पद्धत रुजवली. भारतात पहिली यशस्वी बायपास १९७५ साली चेन्नईच्या पेरंबूर येथील रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी केली. शस्त्रक्रिया चालू असताना हृदय थांबवून त्याचे आणि फुप्फुसांचे काम यंत्राकडे सोपवता येते. असे यंत्र जॉन गिबन यांनी १९५३ मध्ये फिलाडेल्फियात माणसावर प्रथम यशस्वीपणे वापरले. आज आपल्याकडे अनेक बायपास धडधडत्या हृदयावरच, यंत्राविना केल्या जातात.

नवा पाट जोडला की हृदयाच्या स्नायूला त्याच क्षणी रक्त मिळू लागते. म्हणजे हृदयाची मूळ अडचण टेबलावरच दूर होते. वेळ लागतो तो हृदयापर्यंत पोचण्यासाठी केलेली वाट भरून यायला.

छातीच्या मधोमध हात फिरवा. जे सपाट कडक हाड लागते ती उरोस्थी. ती वरपासून खालपर्यंत करवतीने उभी कापतात, दोन्ही बाजू फाकवतात आणि काम झाल्यावर पोलादी तारांनी आवळून बांधतात. या तारा गंजत नाहीत आणि बहुधा जन्मभर आतच राहतात. हात मोडला तर आपण प्लास्टर घालून तो स्थिर ठेवतो. छातीला प्लास्टर कसे घालणार? मिनिटाला १४ श्वास धरले तर दिवसाला वीस हजारांहून अधिक वेळा हे हाड हलते! तरीही ते जुळते. आधी फटीत रक्त साकळते, मग मऊ ऊती तयार होते, तिच्यात कॅल्शियमचे क्षार साठत जातात. सहा ते आठ आठवड्यांत बहुतेकांचे हाड रोजच्या कामांपुरते पक्के होते आणि सुमारे तीन महिन्यांनी जड कामाची परवानगी मिळू शकते. अर्थात मधुमेह असेल किंवा धूम्रपान चालू असेल तर हे काम रेंगाळते.

'जड उचलू नका' ही सूचना यातूनच येते. किती जड? सहसा दोन-तीन किलोंपर्यंतच परवानगी असते. न्हाणीघरातली १५ लिटरची भरलेली बादली १५ किलोंहून जास्त भरते, हे आपल्या लक्षातही येत नाही. पण वजनाइतकेच अंतरही महत्त्वाचे आहे. हे वर्गात करून पाहता येईल. पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली आधी कोपर अंगाला चिकटवून धरा, मग हात समोर ताठ करून धरा. खांद्यापासून बाटलीचे अंतर १५ सेंटिमीटरवरून ६० सेंटिमीटर झाले तर खांद्यावरचे बलाघूर्ण चौपट होते आणि ते पेलणारे छातीचे मोठे स्नायू उरोस्थीलाच जोडलेले असतात. म्हणून हल्ली काही फिजिओथेरपिस्ट किलोंच्या आकड्यापेक्षा 'कोपरे अंगाजवळ ठेवून काम करा' असे सांगणे पसंत करतात. शिक्षकांच्या दृष्टीने हे मोलाचे आहे, कारण फळ्याच्या वरच्या कडेला तासभर लिहिणे म्हणजे हात लांब करून वजन धरण्यासारखेच आहे. जमिनीवर बसून हात टेकत उठणे, दुचाकीचे हँडल धरून खड्ड्यांतून जाणे हेही त्यातच आले. मात्र छातीत हाडावर हाड घासल्यासारखा कट् असा आवाज आला, जखमेतून पू किंवा पाणी आले, ताप आला, तर वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवे.

रुग्णालयात हातात दिलेले तीन गोळ्यांचे प्लास्टिकचे उपकरण अनेकांना खेळणे वाटते. दुखते म्हणून माणूस उथळ श्वास घेतो, त्यामुळे फुप्फुसांचा खालचा भाग मिटून राहतो आणि तेथे कफ साचतो. दीर्घ श्वास ओढून गोळे वर उचलले की तो भाग उघडतो. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची. जोरदार खोकल्याचा ताण पाण्याचा तांब्या उचलण्यापेक्षा कितीतरी अधिक असतो. साधारण तिघा-चौघांपैकी एकाच्या हृदयाची लय पहिल्या काही दिवसांत अनियमित होते. ती बहुधा औषधांनी ताळ्यावर येते.

घरी आल्यावर सर्वांत मोठी चूक होते ती प्रेमापोटी. "पडून राहा, काही करू नका." सरांना पाणीसुद्धा कोणी उठून घेऊ देत नसे. १९६६ मध्ये अमेरिकेतील डलास येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवले होते. कष्टाच्या वेळी शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते, ही क्षमता तेवढ्यात पावपटीहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले तेव्हा तीस वर्षांच्या वयाने केलेली घट तीन आठवड्यांच्या अंथरुणापेक्षा कमी भरली. शस्त्रक्रियेनंतर रक्तातले हिमोग्लोबिन उतरलेले असते, थकवा येतोच. पण त्यावर उपाय चालणे हाच आहे. आधी घरातल्या घरात, मग अंगणात, मग रोज थोडे वाढवत. चालताना सहज बोलता आले पाहिजे. वाक्य मध्येच तुटू लागले तर वेग कमी करायचा.

आता सरांच्या वह्यांकडे वळू.

शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही दिवसांत, विशेषतः वयस्कर माणसे, अतिदक्षता विभागात बरळतात, भिंतीवर माणसे दिसतात, दिवस-रात्र कळत नाही. हा भ्रम बहुतेकांत लवकर ओसरतो. नंतरची विसरभोळेपणाची तक्रार मात्र बराच काळ वादाची होती. २००१ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी बायपास झालेल्या २६१ जणांच्या स्मरण व एकाग्रतेच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. घरी जाताना ५३ टक्के लोकांत घसरण दिसली, सहा महिन्यांनी ती २४ टक्क्यांवर आली, पण पाच वर्षांनी पुन्हा ४२ टक्के. यंत्रामुळे मेंदू बिघडतो, असा बोभाटा झाला. पण थांबा. या अभ्यासात एक गोष्ट नव्हती. ती कोणती, हे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना जरूर विचारा. तुलनेचा गट! पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सेल्नेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकार असलेल्या, पण शस्त्रक्रिया न झालेल्या लोकांचीही तशीच तपासणी केली. काही वर्षांनंतरची घसरण दोन्हींकडे सारखीच होती. म्हणजे उशिराच्या घसरणीचे खापर शस्त्रक्रियेवर फोडण्याआधी अरुंद झालेल्या रक्तवाहिन्या, रक्तदाब आणि वय यांच्याकडे पाहायला हवे. पहिल्या आठवड्यांतला विसरभोळेपणा खरा असतो आणि बहुतेकांचा तो निवळतो.

राहिले रडू. एवढ्या मोठ्या जखमेनंतर शरीरात दाह निर्माण होतो, आणि दाहाची रसायने मेंदूपर्यंत संदेश पोचवतात. फ्लूमध्ये आपल्याला जेवण नको, गप्पा नको, कोपऱ्यात पडून राहावेसे वाटते, ते याच प्रकारचे असते. त्यात मोडलेली झोप आणि वेदनाशामक औषधे. शिवाय आपण मरणाच्या दारातून आलो हे शस्त्रक्रियेच्या गडबडीत उमगत नाही, ते घरी, शांततेत उमगते. कालपर्यंत घर चालवणाऱ्या माणसाला आज आंघोळीचे पाणी दुसऱ्याने काढून द्यावे लागते, हेही सोपे नाही. पहिल्या काही आठवड्यांतले असे चढउतार इतके नेहमीचे आहेत की रुग्णालयातून निघतानाच ते सांगायला हवेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. सरांच्या घरी कोणी आधी सांगितले असते तर त्यांच्या पत्नीचा प्रश्न वेगळा असता.

पण दोन-तीन आठवडे सलग उदासी राहिली, कशातच रस उरला नाही, जगण्यात अर्थ वाटेना, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. ते नुसते मनाचे दुखणे नव्हे. २००३ मध्ये ड्यूक विद्यापीठातूनच प्रसिद्ध झालेल्या, ८१७ बायपास रुग्णांच्या अभ्यासात मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्यांत पुढील काही वर्षांत मृत्यूचा धोका नैराश्य नसलेल्यांच्या दुपटीहून अधिक आढळला. नैराश्यानेच मृत्यू झाले असे यावरून सिद्ध होत नाही, पण उदास माणूस चालत नाही, गोळ्या चुकवतो, हे तर कोणालाही दिसते. उपाय काय? पिट्सबर्गच्या एका प्रयोगात ३०२ रुग्णांपैकी निम्म्यांना आठ महिने परिचारिका नियमित फोन करीत, माहिती देत, गरज पडल्यास औषधाची व्यवस्था त्यांच्या डॉक्टरांमार्फत करीत. २००९ मध्ये निष्कर्ष आले. फोन गेलेल्यांपैकी निम्म्यांची लक्षणे निम्म्याने तरी कमी झाली होती, नेहमीच्या उपचारांवर सोडलेल्यांत हे प्रमाण सुमारे ३० टक्के होते.

एक गोष्ट शिक्षक म्हणून. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी अशी शस्त्रक्रिया झाली असेल तर त्याला घरी एकच वाक्य ऐकू येत असते, "बाबांना त्रास देऊ नकोस." मग बाबा रडताना दिसले की त्याला वाटते, आपल्यामुळेच. अशा मुलाला बाजूला घेऊन हाड जुळायला किती दिवस लागतात आणि मन ताळ्यावर यायला आणखी थोडे जास्त का लागतात, एवढे सांगितले तरी त्याचा जीव भांड्यात पडतो. सातवी-आठवीच्या मुलाला हे नीट समजते.

सरांनी अखेर तिसऱ्या महिन्याच्या तपासणीत तोंड उघडले, तेही पत्नीने कोपराने ढोसल्यावर. डॉक्टरांनी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. गोळ्या सुरू झाल्या, संध्याकाळी चालायला शेजारचे एक निवृत्त पोस्टमन सोबत मिळाले. चौथ्या महिन्यात ते अर्धा दिवस शाळेत येऊ लागले. मुलांनी फळ्याचा वरचा अर्धा भाग स्वतःच खडूची आडवी रेघ मारून बंद करून टाकला होता. सर तिच्या खालीच लिहीत. डोक्यावरून पाहणे अवघड म्हणून मागच्या बाकांवरची मुले पुढे येऊन खाली बसत, आणि त्या वर्षी दहावीच्या भूमितीच्या तासाला मागचे दोन बाक रिकामेच असत.