उभे-आडवे (लेखांक ७) : चार घरांचा राजा

आई शब्दकोडं शिसपेन्सिलीनं सोडवायची. खात्रीचा शब्द ठसठशीत, बिनखात्रीचा पुसट. 'बलाढ्य राजा' अशी सूचना आली की मात्र ती पेन्सिल टेकवायचीच नाही. बोटानं चार घरं मोजायची आणि पुढे सरकायची. "आधी उभे शब्द येऊ देत, मग बघू हा कुठला राजा ते," म्हणायची. तिला उत्तर सुचत नाही असं मला वाटायचं. स्वतः कोडी रचू लागल्यावर कळलं, तिला उत्तरं फार सुचत होती. कमी पडत होती ती सूचना.

मोजून बघा. चक्रवर्ती, सार्वभौम, छत्रपती, बादशहा, पातशहा, सुलतान, महाराज, अधिपती, महीपती, अधीश्वर. सगळे चार घरांचे. इंग्रजी कोड्यात एका घरात एकच वर्ण बसतो, त्यामुळे तिथे एमिर चार घरांचा, सुलतान सहांचा आणि पोटेंटेट नऊ घरांचा होतो. लांबीनंच राजे वेगळे पडतात. आपल्याकडे घरात अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा आणि जोडाक्षरासकट. म्हणून मराठीत राजांची एवढी गर्दी चार घरांत होते. त्यातही बादशहा आणि पातशहा यांची शेवटची दोन अक्षरं एकच. छत्रपती, अधिपती, महीपती यांचीही तीच गत. उभ्या शब्दांनी शेवटची दोन घरं भरून दिली तरी सोडवणारा होता तिथेच राहतो.

तेव्हा वेगळेपण दाखवायचं काम सूचनेनंच करायला हवं. आणि ते करता येतं, कारण हे शब्द समानार्थी म्हणून एका ओळीत छापले जात असले तरी त्यांचे अर्थ एक नाहीत. अमरकोशानं हे फार पूर्वी नीट लावून ठेवलं आहे. सगळे सामंत ज्याच्यापुढे वाकतात तो अधीश्वर. चक्रवर्ती आणि सार्वभौम ही त्याच्याही पुढची जोडी. बाकीचे राजे मंडलेश्वर. आणि सम्राट कोण? ज्यानं राजसूय यज्ञ केला, जो राजमंडलाचा स्वामी आहे आणि ज्याची आज्ञा इतर राजांवर चालते तो. म्हणजे 'राजसूय केलेला (३)' एवढं लिहिलं तरी सम्राट चोख ओळखता येतो.

सम्राट तीनच घरांचा, पण रचणाऱ्याला घाम फोडणारा. मधल्या 'म्रा'मधून उभा शब्द न्यायचा तर कोणता न्यायचा? साम्राज्य चटकन सुचतो, पण तो त्याच घरातला; एकाच्या उत्तरात दुसऱ्याचं उत्तर सांगितल्यासारखं होतं. खरं तर 'सम्'पुढे र आला की मराठीत आपण अनुस्वार लिहितो: संरक्षण, संरचना. त्या चालीनं हा शब्द 'संराट' व्हायला हवा होता. पण इथे म कायम राहतो हे सांगायला पाणिनीनं अष्टाध्यायीत स्वतंत्र सूत्र दिलं आहे. एका शब्दाचा उच्चार जसा आहे तसा टिपायला एक अख्खं सूत्र! 'म्रा' हे घर भरताना मला दर वेळी त्याची आठवण होते.

चक्रवर्तीच्या मुळाशी चाक आहे. ज्याच्या रथाचं चाक कुठेही अडत नाही तो चक्रवर्ती, अशी त्यामागची कल्पना. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर त्याचं क्षेत्रही दिलं आहे, हिमालयापासून समुद्रापर्यंत. सूचना म्हणून मला मात्र दुसरी वाट आवडते: 'राजाजींच्या नावाच्या आरंभी (४)'. स्वतंत्र भारताचे एकमेव भारतीय गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी. इथे सूचनेतलं 'राजाजी' दुहेरी काम करतं, आणि सोडवणाऱ्याला उत्तर सापडल्यावर ते जाणवतं.

बादशहा सोपा. 'राणीच्या वर, एक्क्याच्या खाली (४)'. पत्ते खेळलेल्या कुणालाही येईल. दोन घरांचा भूपही असाच: 'मध्यम-निषाद वर्ज्य करणारा राजा (२)'. रागाचं नाव आणि राजाचं नाव एकच असल्यानं ही सूचना जणू आयतीच मिळते.

सुलतानाकडे थोडं थांबायला हवं. अरबीत या शब्दाचा मूळ अर्थच सत्ता, अधिकार. आधी ती सत्ता होती, मग ती ज्याच्या हाती तो माणूस सुलतान झाला. 'बलाढ्य राजा' ही सूचना कुणाला खरोखर शोभत असेल तर यालाच. पण मराठीनं त्यातून 'सुलतानी' काढली आणि ती 'अस्मानी'शेजारी बसवली. पाऊस न आला तर अस्मानी, वसुलीसाठी घोडेस्वार दारात आले तर सुलतानी. शतकानुशतकं रयतेनं काय सोसलं ते या जोडशब्दात साठलं आहे. म्हणून मी सूचना दिली होती: 'आभाळातून नव्हे, दरबारातून कोसळलेलं संकट (४)'.

छत्रपती या शब्दाशी मात्र शब्दखेळ करायला माझं मन धजत नाही. छत्र आणि पती असे तुकडे पाडून चतुराई दाखवता येईल, पण ६ जून १६७४ला रायगडावर जे घडलं त्याच्या वजनापुढे ती थिटी पडते. तिथे मी सरळ सूचना देतो: 'शिवराईच्या मागच्या बाजूवरचा शब्द (४)'. नाण्याच्या एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला हा शब्द. त्यात एक अडचण आहे. नाण्यावरचा 'ति' ऱ्हस्व आहे आणि आपण लिहितो तो दीर्घ, कारण १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ केला. कोड्यात हा फरक मोठा असतो. शेवटच्या घरातून 'तिथी' खाली नेता येत नाही, 'तीर' नेता येतो. जुन्या वळणाचे वाचक अजूनही यावर पत्रं लिहितात, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं, तरी छापील नियम पाळावा लागतो.

सगळ्यात आवडता राहिला तो सार्वभौम. रचायला कठीण: 'र्व'साठी पर्व, गर्व, पूर्व मिळतात, पण 'भौ'साठी भौतिक आणि भौगोलिक यांच्यापलीकडे हात फारसा पोचत नाही. तरी मी तो पुन्हा पुन्हा घेतो. सर्व भूमीचा स्वामी हा त्याचा अर्थ. आठ दिशा सांभाळणाऱ्या दिग्गजांपैकी उत्तरेच्या हत्तीचं नावही सार्वभौम. आणि भारताच्या संविधानाच्या मराठी उद्देशिकेत गणराज्याला लावलेलं पहिलं विशेषण तेच. राजासाठी घडलेला शब्द २६ नोव्हेंबर १९४९ला राजाकडून काढून घेतला गेला आणि लोकांच्या हाती आला. यावर मी रचलेली सूचना अशी: 'उत्तरेचा हत्ती, एके काळी एकटा राजा, आता आपण सगळे (४)'.

आईनं ही ठसठशीत लिहिली असती असं मला वाटतं.

पुढच्या लेखात पदार्थांची नावं घेऊ. तोवर या दोन सूचना सोडवून बघा, उत्तरं तिथे देईन.

आडवा : विलायतेच्या राणीची १८७७च्या दिल्ली दरबारातली पदवी, अरुणाचलचं राज्य फुलपाखरू (६).

उभा : स्वतःला 'देवांचा लाडका' म्हणवणारा, ज्याची आज्ञा सोपाऱ्याच्या शिळेवरही सापडली (३).