वांग म्हणून सोडून दिलेला डाग
सांधे आणि आपण : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण आमवात पाहिला. ल्युपस त्याच्याच कुळातला, पण तो सांध्यांपुरता थांबत नाही. शरीराची संरक्षक यंत्रणा इथे स्वतःच्याच त्वचेवर, रक्तावर, मूत्रपिंडांवर उलटते. दहा रुग्णांत नऊ बायका, त्याही बहुतेक ऐन तारुण्यातल्या.

पुण्यात दुचाकीवर निघालेल्या मुली उन्हासाठी तोंडाला स्कार्फ बांधतात. तरी नाकाच्या दोन्ही बाजूंना डाग उमटला, की घरचे म्हणतात, ‘वांग आलाय’. वैद्यकाच्या पुस्तकांतलं ल्युपसचं लाल ‘फुलपाखरू’ बहुधा गोऱ्या गालावरचं असतं. सावळ्या गालावर ते तपकिरी, जांभळट दिसतं आणि नजरेतून सुटतं. डागासोबत सांधेदुखी, बारीक ताप, केसगळती, तोंडात न दुखणारे व्रण किंवा लघवीला फेस असेल, तर संधिवाततज्ज्ञांकडे जा. लघवीची साधी तपासणीही मूत्रपिंडाचा धोका वेळेत दाखवते.

सावळ्या त्वचेवर डाग नजरेतून सुटतो, तशी माणसं औषधांच्या चाचण्यांतूनही सुटतात. अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांना ल्युपस गोऱ्या स्त्रियांच्या दोन-तीन पट होतो. २०११ साली, तब्बल ५६ वर्षांनी, या आजारासाठी बेलिमुमॅब हे नवं औषध तिथे मंजूर झालं. पण चाचण्यांत कृष्णवर्णीय रुग्ण इतके थोडे होते, की त्यांना ते लागू पडतं का, हे सांगता येईना. त्यासाठी पुन्हा वेगळी चाचणी घ्यावी लागली.

हा प्रश्न आपलाही आहे. मूत्रपिंडाच्या ल्युपसमध्ये सायक्लोफॉस्फामाइड या औषधाची कमी मात्रा पुरते, हे युरोपातल्या रुग्णांवरून ठरलं. पुदुच्चेरीच्या जिपमर या वैद्यकीय संस्थेने ७५ रुग्णांमध्ये कमी आणि जास्त मात्रेची तुलना केली. २०१८ च्या निष्कर्षांत जास्त मात्रेने अधिक जणांना गुण आला. एका छोट्या अभ्यासाने निकाल लागत नाही. म्हणूनच आपल्याकडे असे आणखी अभ्यास हवेत.

‘आमच्यावर प्रयोग करणार का?’ ही भीती रास्त आहे. म्हणून हक्क माहीत हवेत. २०१९ च्या नियमांनुसार नैतिकता समितीची मंजुरी लागते, तुम्हाला समजेल अशा भाषेत माहिती देऊनच संमती घ्यावी लागते, चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई मिळते. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येतं. सरकारी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयवर, चाचणीची नोंद कुणालाही पाहता येते. ‘माझी चालू औषधं बंद होतील का?’ हे आधी विचारा. बेलिमुमॅबच्या चाचण्यांत नेहमीचे उपचार सर्वांचे चालू होते.

२६ ऑगस्ट २०२० रोजी पुण्याच्या भारती हॉस्पिटलमध्ये कोविशिल्डच्या चाचणीसाठी निरोगी पुणेकरांनी दंड पुढे केला होता. ल्युपसच्या रुग्णांनीही पूर्ण चौकशी करून, मनाला पटलं तर जरूर पुढे यावं. औषध आपल्या अंगाला बसायचं, तर माप आपलंच घेतलेलं असायला हवं.

पुढील आठवड्यात : ल्युपस आणि गरोदरपण.