महाविद्यालयीन गार्डांची पारख

बास्केटबॉलमध्ये उंच खेळाडूची पारख त्यामानाने सोपी असते. सात फुटांचा खेळाडू महाविद्यालयातून व्यावसायिक संघात गेला म्हणून ठेंगणा होत नाही. गार्डाचे तसे नाही. चेंडू आपटीत पुढे नेणे, तो सहकाऱ्याला नेमक्या क्षणी देणे आणि संधी मिळताच दुरून टोपलीचा वेध घेणे ही त्याची कामे. आणि या तिन्ही कामांची किंमत समोरच्या प्रतिस्पर्ध्यावर अवलंबून असते. अमेरिकेतील विद्यापीठांचे गार्ड दरवर्षी नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनच्या संघांपुढे निवडीसाठी येतात, तेव्हा भले भले जाणकार चकतात, ते याच कारणाने.

जून २०११ मधील निवड या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. व्यावसायिक संघांनी त्या रात्री पाळीपाळीने साठ खेळाडू निवडले. त्यांत पहिला कायरी अर्व्हिंग, नववा केम्बा वॉकर, दहावा जिमर फ्रेडेट, अकरावा क्ले थॉम्पसन आणि अगदी शेवटचा, साठावा, आयझेया थॉमस. हे पाचही जण गार्ड.

यांपैकी फ्रेडेटचे नाव त्या हिवाळ्यात घरोघरी पोचले होते. ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या या खेळाडूने त्या मोसमात सामन्यामागे सरासरी २८.९ गुण मिळविले. देशातील दुसऱ्या कोणाही महाविद्यालयीन खेळाडूला तेवढे साधले नव्हते. न्यू मेक्सिकोविरुद्धच्या एका सामन्यात तर त्याने एकट्याने ५२ गुण केले. असा खेळाडू दहाव्या क्रमांकापर्यंत शिल्लक राहिला, याचे अनेकांना आश्चर्य वाटले.

परंतु हे गुण कोणत्या परिस्थितीत मिळाले, हे पाहावयास हवे. त्या काळी महाविद्यालयीन खेळात तीन गुणांची रेषा टोपलीपासून २० फूट ९ इंचांवर होती. व्यावसायिक खेळात ती समोरच्या बाजूस २३ फूट ९ इंचांवर असते. महाविद्यालयीन संघाला चेंडू टाकण्यापूर्वी ३५ सेकंद मिळत (२०१५ पासून ३० मिळू लागले); व्यावसायिकांना २४. अकरा सेकंदांचा हा फरक ऐकावयास क्षुल्लक वाटतो. पण ज्या गार्डाला चेंडू हाती घेऊन, दोनतीन हुलकावण्या देऊन मग नेम धरण्याची सवय आहे, त्याचे सारे भांडवल त्या अकरा सेकंदांत असते. शिवाय महाविद्यालयात संपूर्ण संघाची रचना अशा एका खेळाडूभोवती केलेली असते. व्यावसायिक संघातील प्रत्येक जण आपापल्या विद्यापीठाचा नायकच होता. तेथे नवागताच्या हाती चेंडू कोण सोपविणार? रणजी सामन्यांतील धावा कसोटीत जशाच्या तशा जमा धरता येत नाहीत, हे येथील श्रोत्यांना निराळे सांगावयास नको.

फ्रेडेटचा नेम बिघडला, असे मात्र झाले नाही. नेमबाजीचे प्रामाणिक माप म्हणजे फ्री थ्रो, कारण १५ फुटांवरून, कोणाचाही अडथळा नसताना मारावयाचा तो चेंडू दोन्ही खेळांत सारखाच असतो. या मापाने तो उत्तम होता आणि व्यावसायिक खेळातही दुरून त्याचे चेंडू टोपलीत पडत राहिले. त्याचे अडले ते बचावात. व्यावसायिक संघ प्रतिपक्षातील दुबळा बचाव करणारा गडी हेरतात आणि पुन्हा पुन्हा चाल त्याच्याच अंगावर नेतात. महाविद्यालयात असा खेळाडू क्षेत्र राखणाऱ्या बचावात लपविता येतो. २०१४ साली सॅक्रामेंटोच्या संघाने त्याला मोकळे केले. पुढे शांघायच्या संघातून खेळताना त्याने चीनमध्ये एका सामन्यात ७० हून अधिक गुण केले. म्हणजे त्याचे कौशल्य खरे होते. त्याला मोकळीक देणारा खेळ मात्र दुसरीकडे होता.

त्याच्या लगेच पाठोपाठ निवडलेल्या थॉम्पसनची गोष्ट याच्या उलट. ५ डिसेंबर २०१६ रोजी इंडियानाविरुद्ध त्याने २९ मिनिटांत ६० गुण मिळविले आणि त्यासाठी चेंडू जमिनीवर आपटला तो अवघ्या ११ वेळा! सहकाऱ्याच्या आडोशाने धावत मोकळी जागा गाठणे, चेंडू हाती येताच तो सोडणे, आणि उंच असल्याने पुन्हा बचावालाही उपयोगी पडणे, हे गुण कोणत्याही संघात सामावतात. पारख करणाऱ्याने गार्डाच्या हाती चेंडू असताना काय घडते, यापेक्षा चेंडू नसताना तो काय करतो, याकडे अधिक लक्ष द्यावयास हवे, असे म्हणण्यास येथे आधार मिळतो.

मात्र हाही नियम थॉमसपुढे टिकत नाही. तो व फ्रेडेट दोघेही फेब्रुवारी १९८९ चे. दोघे एकाच वेळी सॅक्रामेंटोच्या संघात आले. थॉमसची उंची पाच फूट नऊ इंच. मोजपट्टी खोटे बोलत नाही, म्हणून तिच्यावर वाजवीपेक्षा अधिक विश्वास ठेवला जातो. बचावात तोही दुबळाच होता. पण समोर कोणीही असो, त्याला मागे टाकून टोपलीपर्यंत घुसण्याची त्याची चपळाई महाविद्यालयात होती तशीच पुढेही राहिली. पहिल्याच मोसमात त्याने संघात कायमची जागा मिळविली आणि २०१६-१७ मध्ये बोस्टनसाठी त्याची सरासरी भरली २८.९, म्हणजे फ्रेडेटची महाविद्यालयातील होती नेमकी तेवढीच.

वॉकरने कनेक्टिकट विद्यापीठाला २०११ चे विजेतेपद मिळवून दिले होते, आणि पुढे चार वेळा तो ऑल-स्टार सामन्यासाठी निवडला गेला. त्याच्याविषयीचा अंदाज बहुतांशी खरा ठरला. अर्व्हिंगच्या बाबतीत धाडस मोठे होते. पायाच्या अंगठ्याच्या दुखापतीमुळे तो ड्यूक विद्यापीठासाठी केवळ ११ सामने खेळला होता. तेवढ्यावर क्लीव्हलंडने त्याला सर्वप्रथम निवडले, आणि २०१६ च्या अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात, अखेरच्या मिनिटात त्याच्याच तीन गुणांनी क्लीव्हलंडला आघाडी मिळवून दिली.

ऑगस्ट २०१७ मध्ये एक विलक्षण व्यवहार झाला. बोस्टनने अर्व्हिंगला घेतले आणि त्याच्या बदल्यात क्लीव्हलंडला जे दिले, त्यात थॉमस होता; सहा वर्षांपूर्वीच्या यादीतील पहिले नाव व शेवटचे नाव एकाच सौद्यात आले होते. त्या वेळी थॉमसचा खुबा दुखावलेला होता. क्लीव्हलंडसाठी तो केवळ १५ सामने खेळला आणि पूर्वीची ती चपळाई त्याच्या पायांत पुन्हा आली नाही.