शिजलेलं मटणही साक्ष देतं!

गावाबाहेर ओढ्याकाठी पातेलं चुलीवर चढलेलं असतं. वनरक्षक येऊन धडकतो आणि समोरचा माणूस शपथेवर सांगतो, "साहेब, बोकडाचंच हाय!" कातडं, शिंगं, खूर केव्हाच पुरलेले असतात. नुसत्या तुकड्यांवरून चितळ की शेळी, हे जाणता खाटीकही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पूर्वी अशी प्रकरणे इथेच ढिली पडत. आता मात्र पातेल्यातला तुकडाच साक्षीला उभा करता येतो.

प्रत्येक जिवाच्या पेशीत डीएनए असतो. त्यातला मायटोकॉन्ड्रिया या घटकातला डीएनए एकेका पेशीत शेकडो प्रतींत असतो. त्यामुळे मांस शिजले, वाळले किंवा कातडे कमावले, तरी त्याचा काही भाग बहुधा शाबूत राहतो. प्रयोगशाळेत त्याच्या असंख्य प्रती काढून तो वाचतात आणि माहीत असलेल्या प्राण्यांच्या नोंदींशी ताडून पाहतात. गट नंबरावरून सातबारा शोधावा, तसाच हा प्रकार.

हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतील डॉ. सुनील कुमार वर्मा आणि डॉ. लालजी सिंग यांनी 2003 मध्ये या कामासाठी एक पद्धत प्रसिद्ध केली. प्राणी कोणता असावा याचा आधी अंदाज नसला, तरी तिने ओळख पटवता येते. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतही अशी तपासणी होते.

घरात पैसा टिकावा म्हणून जत्रेत 'हाथाजोडी' नावाची मुळी विकतात. उत्तर प्रदेशात विकल्या जाणाऱ्या अशा 'मुळ्या' डीएनए तपासणीत घोरपडीच्या निघाल्या. ती मुळी नव्हे, नर घोरपडीचे सुकवलेले लिंग असते! म्हणजे घेणारा फसतो आणि गुन्ह्यातही अडकतो.

या तपासणीलाही मर्यादा आहेत. रानडुक्कर आणि पाळीव डुक्कर मुळात एकाच जातीचे, त्यामुळे साध्या तपासणीत त्यांचा फरक कळत नाही. उलट, खरोखर बोकडाचेच मटण असेल, तर हीच तपासणी निरपराध माणसाला सोडवते.

पण सारी मदार नमुन्यावर असते. सरपंच, पोलीस पाटील आणि पंचांनी एवढे पाहावे :

• नमुना उघड्या हाताने हाताळू नये, धुऊ नये. एकाच सुरीने दोन नमुने कापू नयेत.

• फॉर्मेलिनमध्ये ठेवू नये, त्याने डीएनए खराब होतो. मांस शुद्ध अल्कोहोलमध्ये किंवा गोठवून ठेवावे.

• रक्ताचा डाग सावलीत वाळवावा. केस मुळासकट कागदी पाकिटात घ्यावेत.

• प्रत्येक नमुना वेगळा, सीलबंद असावा. पंचनाम्यात त्याची नोंद असावी आणि तो कोणाच्या हातून कोणाकडे गेला, हे लिहिलेले असावे. सील तुटले, तर कोर्टात चांगला अहवालही लंगडा पडतो.

काळवीट, घोरपड, खवले मांजर हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात. 2022 च्या दुरुस्तीनंतर त्यांच्या शिकारीला किमान 3 ते कमाल 7 वर्षे कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड आहे. एका रश्शापायी जमीन विकून कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्याची पाळी कशाला ओढवून घ्यायची? संशय आला, तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करावा. पुरलेलं कातडं एक वेळ सापडणार नाही, पण पातेल्यातला तुकडा बोलल्याशिवाय राहत नाही.